पहिली हाक कालिकेला

देवास
सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५

तीर्थस्वरूप विक्रमदादा यांस,

शिवांगीचा देवासहून नमस्कार. आजीसाहेबांनी शिकवलेला मायना मोडायचा नाही, म्हणून 'तीर्थस्वरूप' लिहिलंय. फार मनावर घेऊ नकोस.

इथे सगळे बरे. थंडी पडल्यापासून आईचा गुडघा कुरकुरतोय. बाबा रिटायर झाल्यापासून रोज सकाळी टेकडीवर देवीला जातात आणि उतरताना कचोरी खाऊन येतात. आम्हाला कळत नाही असं त्यांना वाटतं, आम्हीही वाटू देतो. अवंतीताई आलीय, महिनाभर राहील. मामासाहेब, मामीसाहेब, अपेक्षावहिनी, सगळे मजेत ना? आजीसाहेबांना आता वाचता येतं असं ऐकलं, फार बरं वाटलं. म्हणून अक्षर मोठं काढलंय.

तू म्हणशील, आजकाल पत्र कोण लिहितं. अरे भिया, तू मला ग्रुपमधून काढलंस, फोनवर ब्लॉक केलंस, अवंतीताईच्या फोनवरून केला तर माझा आवाज ऐकून कापलास. मग राहिला कोण? पोस्टमन. त्याला ब्लॉक करायचं बटण अजून निघालेलं नाही.

आधी सीरियलचं बोलू. आपली ओळख भाऊबहिणीची असली तरी गेल्या वर्षभरातली दोस्ती 'ब्लॉक नंबर नऊ'ची होती, ते नाकारू नको. तुला सगळं पाठ आहे, तरी पहिल्यापासून सांगते. न्यूयॉर्कमधली गरीब वस्ती, पन्नास वर्षांपूर्वीची. घरं जळतायत, कामं नाहीत, पोरं मोकळी. त्यातला रेजी रस्त्यावरच्या खांबातून वीज ओढून स्पीकर लावतो आणि गल्लीभर नाच सुरू होतो. पुढे ज्याला जगाने हिपहॉप म्हटलं त्याची ही सुरुवात. रेजीची मामेबहीण डोरीन. गाण्यात जिथे गाणारे थांबतात आणि नुसता ढोल उरतो, तो तुकडा शोधून काढायची अक्कल डोरीनची. एकच रेकॉर्ड दोनदा विकत घ्यायची, दोन्ही यंत्रांवर चढवायची, इकडचा तुकडा संपला की तिकडचा सुरू, म्हणजे ढोल थांबतच नाही. आणि दुसऱ्या गल्लीच्या पोरांना कोणती रेकॉर्ड आहे ते कळू नये म्हणून ती टबात पाणी भरून रेकॉर्डवरची लेबलं भिजवून काढते. माझा सर्वांत आवडता सीन. तुझाही, असं तू तेव्हा म्हणायचास.

पाचव्या भागात रेजी डोरीनचा तुकडा वाजवतो. गल्ली वेडी होते, त्याला खांद्यावर घेतात, आणि तो माइकवर फक्त स्वतःचं नाव घेतो. डोरीन मागे वायर धरून उभी. त्या दिवशी 'नऊ नंबर माळवा' ग्रुपवर काय महाभारत झालं होतं आठवतंय? कुक्षीचा अंशुल बिचारा डोरीनच्या बाजूने इतका भांडला की त्याच्या दुकानातलं गिऱ्हाईक निघून गेलं. तू लिहिलंस, "जिसके हाथ में माइक, उसी का नाम. डोरीन का काम पीछे खड़े रहना है." मी हसून सोडून दिलं. मला वाटलं तू रेजीबद्दल बोलतोयस.

आता दोन फोनचं. त्याच सीनवरून मला सुचलं की आपल्या गोंधळातही असा तुकडा असतो. आपले गोंधळी गणोजीकाका देवीच्या हाका संपवून दम घेतात आणि नुसता संबळ चालतो, तेव्हा अंगावर काटा येतो. अवंतीताईच्या लग्नाआधी आमच्या घरी गोंधळ झाला, त्याचं रेकॉर्डिंग माझ्याकडे होतं. तेच दोन फोनवर घेतलं, आईच्या परातीत फोन उलटे ठेवले म्हणजे आवाज घुमतो, आणि इकडून तिकडे, तिकडून इकडे संबळ चालू ठेवला. तीन रविवार गेले त्यात. आई म्हणाली पोरगी कामातून गेली. तुला पाठवलं तेव्हा तुझा उलट मेसेज होता, "शिवा, ये तो आग है." आणि मग, "ट्रॅकसाठी पूर्ण रेकॉर्डिंग दे ना, हाकांसकट." मी दिलं. भावाला कोण नाही म्हणतं.

ट्रॅक बनला. 'धार साउंड'. खाली लिहिलंस, आमच्या धारच्या वाड्यातल्या जुन्या कॅसेटवरून. वा रे वा. कॅसेट. आपल्याकडचा टेपरेकॉर्डर तूच लहानपणी स्क्रूड्रायव्हर घालून मारला होतास. पेपरात तुझा फोटो आला, काळा चष्मा लावून, माळव्याचा पहिला हिपहॉप आवाज म्हणून. मी ग्रुपवर एकच ओळ लिहिली की हा संबळ देवासचा, अवंतीताईच्या गोंधळातला, तुकडा मी जोडलाय. चहा गाळून येईपर्यंत मी ग्रुपच्या बाहेर होते.

राग आला का? खोटं कशाला बोलू, जळजळ झाली. रात्रंदिवस एकच मनात, याला धडा शिकवायचा. पण काय करायचं ते सुचत नव्हतं. ग्रुप तुझा, चॅनल तुझं, माइक तुझा. मी आपली परातीत फोन ठेवणारी.

मग नवरात्रानंतर गणोजीकाका आमच्याकडे आले. उदास होते. आईने चहा दिला तर कप तसाच धरून बसले. म्हणाले, धारच्या आईसाहेबांनी, म्हणजे आपल्या आजीसाहेबांनी, यंदा शिधा नोकराच्या हाती बाहेर पाठवला, दारात आल्या नाहीत. इतक्या वर्षांत असं कधी झालं नाही. मग माझ्याकडे वळून विचारलं, "ताई, माझ्याकडून काय चुकलं?"

मी त्याच दिवशी आजीसाहेबांना फोन लावला. त्या आधी सांगेनात. मग म्हणाल्या, "गणोजी म्हातारा झाला गं. आपल्या विक्रमच्या गोंधळात त्याने पहिली हाक देवासच्या टेकडीवरच्या देवीला घातली. आपल्या घरची पहिली हाक धारच्या कालिकेला असते. कालिका मागे राहिली." आणि त्या दिवसापासून, दादा, त्यांनी शुक्रवारी अन्न सोडलंय. पाणीसुद्धा दिवे लागल्यावर. ऐंशी पार झालेल्या बाईने. देवीचा मान चुकला, तो घराने भोगू नये, आपण भोगावा म्हणून.

तुझ्या लग्नाचा गोंधळ. तो कुठला, कधी झाला? मी लग्नाला होते. हळद होती, संगीत होतं, ड्रोन होता. गोंधळ नव्हता. मामासाहेब म्हणाले होते, नंतर बघू. तुम्ही दोघं तिसऱ्या दिवशी विमानात बसलात.

आजीसाहेब तेव्हा इंदूरला दवाखान्यात होत्या. डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन, पंधरा दिवस पालथं झोपायचं, मान वर करायची नाही. लग्न पुढे ढकलू नका म्हणाल्या, नातवाचं तोंड नंतर बघेन म्हणाल्या. एकच मागणं होतं, सून चुलीला हात लावायच्या आधी घरात गोंधळ घाला. आणि तू गेलास, त्यांच्या उशाशी फोन ठेवलास आणि सांगितलंस, "घ्या आजी, आपला गोंधळ. आत्ताच झाला." त्या पालथ्या पडल्या होत्या, दिसत काहीच नव्हतं. उशीखाली हात नेऊन तिथेच जोडले. हे मला आजीसाहेबांनी त्या फोनवर सांगितलं, तू नव्हे. तेव्हा दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेले तर नर्स एवढंच म्हणाली, आजी काल खूप रडल्या, आनंदाने. मला वाटलं, लग्नाच्या आनंदाने असेल.

ते माझं रेकॉर्डिंग होतं. अवंतीताईचा गोंधळ, आमच्या घरचा, म्हणून पहिली हाक टेकडीवरच्या देवीला. गणोजीकाका चुकले नाहीत. ते तिथे नव्हतेच.

लेबल भिजवून काढायला डोरीन तुला शिकवून गेली, पण एक तू विसरलास. लेबल निघालं तरी रेकॉर्ड तीच राहते. ज्याला कान आहे त्याला पहिल्या हाकेत कळतं. आजीसाहेबांना कळलं. फक्त त्यांनी खोटं बोलणारा नातू धरला नाही, चुकणारा गोंधळी धरला. त्यांच्या मनात दुसरं येणार तरी कसं?

आता तू विचार करत असशील, हे सगळं तुला का सांगतेय, तुला तर माहीत आहे.

तुला नाही सांगत.

तुमच्या घरची रीत मला ठाऊक आहे, माझं आजोळ आहे ते. पाकिटावर नाव कुणाचंही असो, मराठी पत्र आलं की आजीसाहेब फोडतात. तुम्हा पोरांना हिंदीची सवय, मराठी अक्षर लावत बसता, म्हणून त्याच मोठ्याने वाचतात, संध्याकाळच्या चहाला, सगळे बसल्यावर. आधी डोळ्यांखालून घालत नाहीत. आणि सुरू केलेलं पत्र अर्धं ठेवत नाहीत, सुतकाचं असलं तरी. तेव्हा दादा, तू आत्ता झोपाळ्याजवळच्या खुर्चीत आहेस, आणि उठायची सोय नाही.

आजीसाहेब, शिरसाष्टांग नमस्कार. चष्मा काढू नका, थोडंच उरलंय. तुमचा आवाज मध्येच थांबला असेल, मला इथे बसून कळतंय. तुमच्याच तोंडून हे तुम्हाला ऐकवलं, त्याबद्दल भेटल्यावर माझा कान पिळा. फोनवर सांगितलं असतं तर तुम्ही मनात ठेवलं असतं, पोराची चूक पोटात घातली असती आणि शुक्रवार चालूच राहिले असते. मला ते नको होतं. आणि खरं सांगते, मला त्याला सगळ्यांसमोर बसलेला हवा होता. मी एवढी चांगली नाही.

वहिनीला काही बोलू नका. ती नवी होती, तिला सांगितलं होतं की आजीला ताण द्यायचा नाही. मामासाहेबांशी तुम्ही बघून घ्या.

आता पुढचं. विक्रमदादा, पुढच्या शुक्रवारी, अठ्ठावीस तारखेला, 'ब्लॉक नंबर नऊ'चा शेवटचा भाग आहे. तू गच्चीवर मोठा पडदा लावणार, इंदूर, कुक्षी, सगळीकडून ग्रुपची मंडळी येणार, मधे तू 'धार साउंड' वाजवणार. अंशुलने सांगितलं. त्याने मला नवीन ग्रुपमध्ये घेतलंय, तुझ्याशिवायचा आहे, बरीच मंडळी आहेत.

त्याच शुक्रवारी संध्याकाळी गणोजीकाका तुमच्या दारी येतील. मी जाऊन सांगून आले. आजीसाहेब रागावल्या नव्हत्या, त्यांना फसवलं होतं, एवढंच सांगितलं. म्हातारा माणूस, डोळे पुसले आणि संबळाची वादी ताणायला बसला. चौकाचं सामान आई देतेय, अवंतीताई आणि मी दुपारीच पोचू. पडदा गच्चीवर राहू दे. मंडळी येऊ देत. ज्यांना तुझा ट्रॅक आवडला त्यांनी खरा संबळ समोर बसून ऐकावा. डोरीनचं शेवटी काय होतं ते गोंधळ झाल्यावर बघू, सीरियल कुठे पळून जात नाही.

तुला माहीत नसेल म्हणून सांगते, राहिलेल्या गोंधळाची गणोजीकाकांकडे एक रीत आहे. वेळेवर झालेल्याला नाही, राहिलेल्यालाच. चौक मांडला, दिवटी पेटली की ते संबळ थांबवतात. मग यजमानाने पेटती दिवटी हातात घेऊन, सगळे ऐकतील असं, देवीला सांगायचं असतं की उशीर का झाला. कारण खरं सांगावं लागतं. ते सांगेपर्यंत पहिली हाक पडत नाही. सगळे वाट बघत बसतात.

मंडळी बरीच असतील, म्हणून अंशुल तुझाच माइक लावून देणार आहे. तू म्हणाला होतास ना, ज्याच्या हातात माइक त्याचं नाव. त्या दिवशी माइक तुझ्याच हातात असेल, दादा. मी मागे वायर धरून उभी राहीन आणि दोन्ही फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवीन.

मराठीत बोलावं लागेल, देवीला आणि आजीसाहेबांनाही. कुठे अडलास तर मला विचार.

आजीसाहेब, हा शुक्रवार काही धरू नका. चहा गार झाला असेल, वहिनीला दुसरा करायला सांगा आणि बरोबर काहीतरी खा. या वेळी पहिली हाक कालिकेला पडेल, मी स्वतः कान देऊन ऐकेन.

तुझी, ग्रुपमधून काढलेली, आजोळातून नाही,

शिवांगी