रुवेली हे नाव आधी आमचं होतं

कोपरखैरणे,
बुधवार, १२ फेब्रुवारी १९९७

ती. जयमालाताईस, धाकट्या विश्वजितचा वाकून (जमेल तेवढं वाकून) नमस्कार.

ताई, हे पत्र तुला संक्रांतीच्या आधी मिळायला पाहिजे होतं. मी टाळाटाळ केली, कबूल आहे. तसं आंतरदेशीय मी तेव्हाच आणलं होतं, पण ते खिशात घालून उरणला गेलो (का गेलो विचारू नकोस, ओळखीचा एक जण टेम्पो घेऊन चालला होता आणि पुढची सीट रिकामी होती) आणि तिथं त्याच्यावर भेळ खाल्ली. दुसरं आणलं तर त्यावर दादाने वायरमनचा पत्ता लिहून घेतला. आता दादाच्या डायरीतली जानेवारीची पानं फाडून लिहितोय. जानेवारी गेलाच आहे, कुणाला लागणार? भाऊजींचा खोकला कसा आहे? तुझी कंबर? तांबडी गाय व्याली का? कोरेगावात सगळे बरे असतील असं धरून चालतो, कारण इकडं कोणीच बरं नाही. इकडं चोरी झाली आहे. घाबरू नकोस, भांडी, दागिने, टीव्ही सगळं जागच्या जागी आहे. आपल्या बाळाचं नाव चोरीला गेलंय.

पहिल्यापासून सांगतो. नोव्हेंबरात दादाला मुलगी झाली हे तुला माहीत आहे. भटजींनी पत्रिका बघून सांगितलं, स्वाती नक्षत्र, पहिलं चरण, ‘रु’वरून नाव ठेवा. झालं. आता आमच्या इमारतीत ‘रु’ची काय परिस्थिती आहे बघ. तीन रुपाली, दोन रुचा आणि एक रुजुता. संध्याकाळी खाली उभं राहून कोणी ‘रुपालीऽऽ’ म्हटलं की तीन मजल्यांवर तीन पोरी गॅलरीत येतात आणि मग तिघींच्या आया ‘कुणाची, कुणाची’ करत येतात. वहिनीने दादाला स्पष्ट सांगितलं, “हाक मारली की एकच पोरगी वळली पाहिजे. नाहीतर मी बारसंच करत नाही.” राजलक्ष्मीवहिनी एकदा बोलली की बोलली. बाराव्या दिवसाचं बारसं त्यापायी पुढं गेलं आणि पोरगी आज तिसऱ्या महिन्यात नुसती ‘बाळ’ म्हणून जगतेय. दादाने नावांचं पुस्तक आणलं, त्यातल्या ‘रु’च्या पानावर आधीच्या गिऱ्हाइकाने पेनाने खुणा केलेल्या. म्हणजे ती सगळी नावं कुठंतरी गेलेलीच!

शेवटी दादा मला म्हणाला, “विश्या, दिवसभर हिंडतोस. एक नाव तरी आण घरात.” ताई, हे मनाला लागलं. मी काहीच घरात आणत नाही असं त्याचं म्हणणं. (ते खरंय, पण तोंडावर बोलायचं का?) शिवाय होळीपर्यंत कामाला लाग, नाहीतर कोरेगावला परत जा, असंही त्याने सांगून ठेवलंय. तर दुसऱ्या दिवशी त्याने मला नोकरीचा अर्ज घेऊन बेलापूरला पाठवलं. ऑफिसात जेवणाची सुट्टी होती, तेव्हा मी जरा पाय मोकळे करावेत म्हणून चालत निघालो तो दिवाळे गावात पोचलो. तिथं खाडीला होड्या लागलेल्या, वाळत घातलेल्या बोंबलांचा वास असा की अर्ज मी हातरुमालासारखा नाकाला लावला. (म्हणून तो नंतर ऑफिसात घेतला नाही. माझी चूक नाही.) आणि तिथं एका होडीवर निळ्या रंगात मोठं नाव लिहिलेलं: रुवेली.

ताई, मी जागेवर उभा राहिलो. सातारा ते सोलापूर हिंडलोय, हुबळीपर्यंत ट्रकवर गेलोय, पण या नावाची बाई, गाव, विडी, साबण, काहीच कधी बघितलं नव्हतं. धावत घरी आलो. वहिनीने नाव दोनदा म्हणून बघितलं. मग दादाने कपाळावर आठी घालून विचारलं, “अर्थ काय?” आता मी काय सांगू, होडीवर अर्थ लिहिलेला नसतो. मी म्हणालो, संस्कृत आहे, पहाटे धुक्यातून दिसते ती पहिली चांदणी. वहिनीच्या डोळ्यांत पाणीच आलं. तिने मला त्या दिवशी न मागता तिसरी भाकरी वाढली, आणि दादा ऑफिसच्या मित्राला फोनवर सांगत होता की आमच्या विश्याने शोधलं. आमच्या विश्याने! सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मी त्याचा विश्या झालो. म्हणून तुला सांगतो, हे नाव माझ्यासाठी नुसतं नाव नाही.

आणि मग दरोडा पडला. त्यानंतर वीसेक दिवसांनी तळमजल्याच्या सत्यभामाकाकू पेढे घेऊन वर आल्या. त्यांच्या लेकाच्या मुलीचं बारसं झालं म्हणे. नाव काय ठेवलं? रुवेली! वहिनीच्या हातात पेढा तसाच. काकूंची नात पत्रिकेने कुंभेची, तिचा ‘रु’शी संबंध काय? कुंभेच्या मुलीने आपल्या अक्षरात राहावं ना! आम्ही कधी तिच्या अक्षरात शिरलो? आठवडा झाला तर आमच्याच इमारतीतल्या रिक्षावाल्या शहाजीने नव्या रिक्षाच्या मागच्या काचेवर लाल अक्षरात ‘रुवेली’ लिहून घेतलं. रिक्षाची कसली रास? मग नाक्यावरच्या ब्यूटी पार्लरने पाटी बदलली. आणि कळस म्हणजे सानपाड्याला वहिनीच्या मैत्रिणीच्या शेजारी एक रुवेली जन्मली, ती या तिघांपैकी कुणाच्याच ओळखीची नाही. म्हणजे नाव आता आपलं आपण हिंडायला लागलंय, आणि हिंडण्याबद्दल बोलणी मात्र मी खातोय!

पुढचं ऐक. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला या सगळ्या बायका एका सतरंजीवर बसल्या आणि अर्थाचा विषय निघाला. वहिनी म्हणाली चांदणी. काकू म्हणाल्या, छे, हिमालयातली नदी आहे ती, गंगेच्या आधी निघाली. पार्लरवाली म्हणाली, राजस्थानची राणी, रूपवान होती, आरशात बघायची नाही. शहाजीची बायको म्हणाली, देवीच्या घोडीचं नाव आहे, कधी थकत नाही. भांडण असं पेटलं की तिळगूळ तसाच राहिला आणि गोड बोलायचं तर कुणाला सुचलंच नाही. वहिनी तोंड पाडून घरी आली. दादा मला म्हणाला, “खरं मूळ काय ते शोधून आण. नाहीतर हे नाव बाद.”

म्हणून काल पुन्हा दिवाळ्याला गेलो. (यावेळी अर्ज नव्हता, नाक उघडंच होतं.) होडीची मालकीण सापडली. पुतळामावशी नाव, मुठीएवढा अंबाडा, जवळा वाळत घालत होती. मी नावाचा अर्थ विचारला. ती वर न बघताच म्हणाली, “माजे आयचा नाव हाय.” मी म्हटलं, हो, पण अर्थ? तेव्हा तिने वर बघितलं. “अर्थ कंचा रं? हाक मारली का वलायची, ह्योच अर्थ.” मग तिने सांगितलं की तिची आई पाटी डोक्यावर घेऊन पार पनवेलपर्यंत चालत जायची, आणि अख्ख्या खाडीकाठाला त्या नावाची ती एकच. मी बावळटासारखा बोलून गेलो की आता दोन मुली आहेत, एक पार्लर, शिवाय एक रिक्षा. मावशीने सूप खाली ठेवलं. “माजे आयचा नाव रिक्शाला? मना कुनी इचारला?” ताई, आम्ही तिघा-चौघांवर चोरीचा आळ घेत होतो आणि खरी मालकीण तिथं जवळा पसरत बसलेली. मी हळूच म्हटलं, माझ्या पुतणीला ठेवायचंय, ठेवू का? ती म्हणाली, “पोरगी कशी हाय ती बगल्याबिगर कशी सांगू?” आणि पत्ता विचारला. मी दिला. ती येईल असं काही वाटलं नाही.

घरी येऊन खरं मूळ सांगितलं. दादा भडकला. चांदणी म्हणालास, संस्कृत म्हणालास, मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलं, मला तोंडघशी पाडलंस वगैरे. निकाल असा की बारसं तेवीस तारखेला, रविवारी, आणि नाव रुपाली. इमारतीतली चौथी. रात्रीपासून वहिनी बाळाला ‘बाळ’सुद्धा म्हणत नाही.

तर तू बारशाला ये. आत्याशिवाय पाळणा हलायचा नाही. भाऊजींना, सासूबाईंना नमस्कार.

तुझा,
विश्वजित

ता. क. — चोर कोण हे तुझ्यापासून लपवून काय उपयोग. नाव मीच सांगितलं. काकूंनी एकदा गरम साबुदाणावडे दिले आणि सहज विचारलं, काय मग, नाव ठरलं का? वडे चांगले झाले होते, म्हणून त्यांना नदी सांगितली. शहाजीने वाशीपर्यंत फुकट सोडलं, त्याला घोडी. पार्लरवालीने काही दिलं नाही, नुसती हसली, पण छान हसली, म्हणून तिला राणी. चांदणी फक्त वहिनीला सांगितली होती, त्या बाबतीत मी इमानदार आहे. सानपाड्याच्या मुलीशी मात्र माझा काही संबंध नाही, ती खरोखरची चोरी आहे. दादाला सांगू नकोस.

ता. क. दुसरा — मूळ काम हे, याचसाठी पत्र लिहायला बसलो होतो. बारशाला तू पाळण्यात वाकून बाळाच्या कानात कुर्रर्र करशील, तेव्हा बाहेर काहीही ठरलेलं असू दे, तू कानात ‘रुवेली’च सांग आणि सरळ उभी राहून मोठ्याने तेच म्हण. आत्याने ठेवलेलं नाव बदलायची आपल्या घरात कुणाची छाती नाही, दादाची तर नाहीच (तू त्याला विहिरीत ढकललं होतंस ते तो अजून सांगतो). एवढं कर. मग मी होळीच्या आत कामाला लागतो. शप्पथ.

ता. क. तिसरा — पाकीट चिकटवणार एवढ्यात खाली आरडाओरडा झाला म्हणून गॅलरीत गेलो. पुतळामावशी आली आहे! डोक्यावर पाटी, हातात खणाचं झबलं. गेटवर तिने ‘रुवेली कुठं ऱ्हाते’ विचारलं, तर पोरांनी तिला थेट सत्यभामाकाकूंच्या दारात नेऊन सोडलं. तिथं तिने नावाचं मूळ, पनवेल, पाटी, जवळा सगळं सांगितलंय वाटतं, कारण काकू आतून ओरडतायत की आमच्या नातीचं नाव आम्ही कालच बदललं, आता तिचं नाव रुचा. (कालच? सकाळी तर रुवेली म्हणून हाक मारत होत्या.) आता मावशी आपल्या घरात आहे. वहिनीने तिला खुर्ची दिली, ती खाली बसली, म्हणून वहिनीही खाली बसली, आणि कुणी न सांगता बाळ तिच्या मांडीवर दिलं. मावशीने एकदा बघितलं आणि म्हणाली, “रुवेली.” ताई, बाळ वळलं. (पाटीतल्या सुरमईकडे वळलं असं दादाचं म्हणणं आहे, पण तो दारामागून बघतोय आणि नाकाला रुमाल लावलाय तो रडतोय म्हणून की वासाने, ते मला इथून कळत नाही.)