चौधरींच्या दुकानाची पाटी

मुनिरका, दिल्ली

तीर्थरूप आबांना नमस्कार.

मी मजेत आहे, डबा वेळेवर येतो. आईचा गुडघा कसा आहे?

आमच्या गल्लीत रोज नवी झगमगती पाटी चढते, बघतच राहावंसं वाटतं. घरमालक चौधरींनीही म्हशी विकून गोठ्यात कॉफीचं दुकान काढलंय. साठाव्या वर्षी मशीन शिकतायत! महिना झाला, पाटी मात्र नाही. विचारलं तर म्हणाले, "पहले कॉफी तो ठीक बने, बेटी. बोर्ड बाद में." फार आवडला मला माणूस.

प्रतीकदादाने फोनवर सांगितलं, तुम्ही एसटी स्टँडवर माझ्या अभिनंदनाचा फ्लेक्स लावलाय. आबा, ही नुसती पूर्वपरीक्षा होती हो. मुख्य परीक्षा अजून व्हायचीय. तेवढा उतरवा.

फाडू नका. गुंडाळून माळ्यावर ठेवा.

तुमची,
अक्षता