कडेची माया

प्रिय बटण्या,

तुझा कागद मिळाला. सहीच्या जागी पेन्सिलीने फुली मारून पाठवलीस, म्हणजे ताईला शोधायला नको. किती रे काळजी! सोबत चार ओळी, की मी राहते ते घर आणि मागची जागा विकून मोकळं होऊ, बाबांची शेवटची इच्छाच तशी होती. तू आता मोठा साहेब झालास, पण मी बटण्याच म्हणणार. बाबांच्या दुकानातलं बटण गिळून दोन दिवस घर डोक्यावर घेतलं होतंस, ते तू विसरला असशील, मी नाही.

मागची जागा म्हणजे काय, हे तुला सांगायलाच हवं. तू तिचे फोटो काढलेस, मातीत कधी बसला नाहीस. चार फूट बाय दहा फुटांचा एक वाफा, बास. डोळ्यांनी दगा दिला, सुईत दोरा जाईना, तेव्हा बाबांनी दुकान बंद केलं आणि मोजपट्टी नि खडू घेऊन मागच्या दारी आले. खडू मातीवर उठेना म्हणून चिडले आणि मला दोरी आणायला पिटाळलं. मग शर्ट बेतावा तसा त्यांनी वाफा बेतला. आधी मोठे भाग, म्हणजे कोबी, दीड वितीवर एक. मधल्या फटींत खिसे आणि कॉलर, म्हणजे मुळा. महिन्याभरात मुळा उपटला की कोबीला पसरायला जागा. मागच्या भिंतीवर दोऱ्या बांधून घेवडा चढवला. टीचभर कापड वाया गेलेलं त्यांना खपायचं नाही, तशी टीचभर मातीही नाही. शाळेच्या कचेरीतून साडेपाचला आले की मी त्यांच्या हाताखाली राबायची आणि वर बोलणीही खायची. पण तेवढ्याशा तुकड्यात आम्हा दोघांची भाजी निघायची, शेजारी न्यायचे ती वेगळी.

एकाच बाबतीत हात सैल होता. वाफ्याच्या चारी कडांना चार बोटं माती मोकळी सोडायची. पहिल्या वर्षी मी पार काठापर्यंत रोपं लावली, पाणी घातल्याबरोबर काठ ढासळला आणि मुळं उघडी पडली. बाबा म्हणाले, शिंप्याची पोर ना तू, कडेला माया सोडायची एवढंही कळत नाही? शिवणीच्या आत जास्तीचं कापड राखतात, ती माया. पुढे उसवून कपडा मोठा करता येतो. तुला आठवतो तरी का हा शब्द? तुझ्या प्रत्येक पँटला चार बोटं माया असायची, पोरगा वाढणार म्हणून. माझ्या फ्रॉकला अर्धं बोट. मी जशी वाढणारच नव्हते! हे तेव्हाही बोचायचं, आजही बोचतं. लिहून टाकलं ते बरं झालं.

आता तो दिवस. तू सकाळी पोचलास, चार वर्षांनी. बाबांची खाट मागच्या खिडकीशी होती. तू त्यांचा हात धरून बसलास आणि मी बाहेर कोबी लावत होते, कारण रोपं सुकत चालली होती आणि बाबांनीच उठल्यापासून धोशा लावला होता. आठ रोपं उरली. टाकवेनात, म्हणून काठाला खुपसली. तेवढ्यात खिडकीतून आवाज आला, बारीक पण स्पष्ट. माया सोड गं. मी जीभ चावली आणि रोपं काढून आत सरकवायला लागले. तिसरं हातात होतं, तेव्हा तू हंबरडा फोडलास. मी चिखलाच्या हातांनी धावत आले, तर तू शेजाऱ्यांना सांगत होतास, बाबा जाताना म्हणाले, माया सोडा.

तू इतका रडत होतास की तुझ्या हातून ते काढून घ्यायला मन होईना. मग तू ते शोकसभेत सांगितलंस, मासिकात लेख लिहिलास, बाबांना पार साधुपुरुष करून टाकलंस. लेखात वाफा होता, शिलाई मशीन होतं, मी नव्हते. तेही सोसलं. पण त्याच शब्दांवर तू घर विकायला निघालास आणि माझं डोकं फिरलं. अरे, बाबांचा शेवटचा शब्द 'सोड' नव्हता, 'गं' होता. तुला कुणी गं म्हणेल का? तो गं तू बटणासारखा गिळलास. बाबा तुला काहीच म्हणाले नाहीत, बटण्या. ते कोबीबद्दल बोलत होते, आणि माझ्याशी.

म्हणून हे पत्र. मी सही करणार नाही. तुझा कागद फुलीसकट परत पाठवते आहे. आणि या पत्राच्या उजव्या कडेला मी चार बोटं जागा कोरी ठेवली आहे, तुझ्या लक्षात आलं असेल किंवा नसेल. काही म्हणायचं असेल तर तिथेच लिहून धाड. तुझ्यासाठी माझ्याकडे तेवढीच माया उरली आहे.

अजून तरी तुझीच,
ताई