मामाची पट्टी

॥ श्री ॥
मुरबाड, ता. १५ जानेवारी १९९६

ती. धाऊभावोजी यांस राघोचा सा. न. वि. वि.

तुमचं कार्ड पोचलं. अनिताचं लग्न वैशाखात धरलंत हे वाचून घरात नुसती धमाल उडाली. धोंडूबाईनं त्याच दिवशी नेसायचं लुगडं काढलं, तर ते उंदरानं कुरतडलेलं. आता उंदीर सापडत नाय म्हणून शिव्या मला. जावईबापू दीपेश भिवंडीकडचे, म्हणजे माणसं तालेवार. पण आपल्याकडनं मांडवात काय कमी पडायचं नाय. अनू पाळण्यात होती तेव्हाच मी काशीताईला बोललो होतो, हिच्या लग्नात दुसऱ्या कोणी वाजवायचं नाय. आमची बँड पार्टी आणि माझं कलारनेट, हाच मामाचा अहेर समजा.

फक्त एक घोळ झालाय. म्हशाच्या जत्रेत माझी पट्टी गेली. जुनीच होती, कधीतरी जाणारच होती, पण ऐन हंगामात गेली. सध्या कसंतरी भागवतो. लोकांना कळत नाय, पण मला कळतं ना. तुमी भजनाची माणसं, तुमच्या चार ओळखी. लग्नाच्या आत काय सोय होते का बघा.

वालाला शेंगा धरल्यात, येणाऱ्याबरोबर पाठवतो. मेहुण्यावर आहे तशी माया राहू द्या.

तुमचा,
राघो


॥ श्री ॥
आटगाव, ता. २४ जानेवारी १९९६

चि. राघो यास धाऊचे अ. उ. आ. वि. वि.

तुझे पत्र वाचले आणि घडी करून खिशात ठेवले. काशीला काही सांगितले नाही, उगाच रडत बसली असती.

अरे राघो, पट्टी जाणे ही काही लाजेची गोष्ट नव्हे. मी काळी चारच्या पट्टीत गायचो हे सगळ्या आटगावाला ठाऊक आहे. आज काळी एकमध्येसुद्धा गजर संपेस्तोवर धाप लागते, आणि आमचा पेटीवाला बुधू माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसतो. वयापुढे कुणाचा सूर टिकला आहे? तू म्हणतोस लोकांना कळत नाही. बाबा रे, लोकांना सगळे कळते, तोंडावर बोलत नाहीत एवढेच. तू होऊन सांगितलेस हा तुझा मोठेपणा.

तू म्हणालास तशी सोय केली आहे. शहापूरच्या बँडला सुपारी देऊन आलो. तरणी पोरे आहेत, दम चांगला आहे. तू आता काळजी सोड. लग्नात स्वच्छ धोतर नेसून मुलीच्या पाठीशी मामा म्हणून उभे राहायचे, फुंकायचे काही नाही. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या कर आणि ताक बंद ठेव. शेंगा मिळाल्या, गोड होत्या. तुझे प्रेम आहेच, ते वाढते असावे.

तुझा,
धाऊ


मुरबाड, ता. ३० जानेवारी १९९६

चि. कु. अनितास मामाचे अनेक आशीर्वाद.

अने, तू शिकलेली, कल्याणला औषधांच्या दुकानात कामाला जाणारी पोरगी. म्हणून तुलाच विचारतो. तुझ्या बापाचं डोकं ठिकाणावर आहे ना? नसेल तर तुमच्या दुकानात काय गोळी असेल ती चारा त्यांना.

मी मागितलं काय, त्यांनी दिलं काय! माझ्या कलारनेटची पट्टी हरवली, एवढंच मी लिहिलं. तर म्हणे तुझं वय झालं, सूर गेला, गुळण्या कर! आणि शहापूरच्या पोरांना सुपारी देऊन मोकळे. मी काय मेलो का गो? सगळी मुरबाड बाजारपेठ माझं वाजवणं ऐकायला दुकानाच्या पायरीवर येते, आणि सख्ख्या भाचीच्या लग्नात मी हात बांधून उभा राहू? दोन दिवस मला जेवण गेलं नाय. धोंडूबाईला बोललो, लग्नालाच जात नाय. ती बोलली, तुमी नका जाऊ, मी जाते, आणि परत लुगडं शोधाया लागली.

आता तुला माहीत नसेल म्हणून सांगतो. कलारनेटच्या तोंडीवर बोरूची पत्ती असते. ती जागेवर आवळून धरायला पितळेचं कडं असतं, दोन स्क्रूचं. त्याला आमी बँडवाले पट्टी बोलतो. म्हशाला वाजवून झाल्यावर मी ती काढून घोंगडीवर ठेवली आणि भजी खायला गेलो. शेजारी बैलवाला बसला होता. त्याला वाटलं ही बैलाच्या शिंगाची शेंबी पडलीय. त्यानं बसवली शिंगावर, आणि बैल गेला विकून! आज माझी पट्टी कुठल्या गावात नांगराला जाते देव जाणे. तेव्हापासून पत्तीला दोरा गुंडाळून वाजवतो. दोरा थुंकीनं भिजला की ढिला पडतो, आणि सूर मध्येच चिरकतो.

बापाला यातलं काय सांगायचं ते तू ठरव. मी काय त्यांना लिहीत नाय. मामाला विसरू नको म्हणजे झालं.

तुझा,
राघोमामा


आटगाव, ता. ११ फेब्रुवारी १९९६

ती. राघोमामास अनिताचा शि. सा. न. वि. वि.

मामा, तुझं पत्र वाचून मी स्वयंपाकघरात एवढी हसले की आईला वाटलं भाकरीचा चटका लागला. अरे, बाबा भजनी बुवा! त्यांच्यासमोर पट्टी म्हटलं की त्यांना काळी चार आणि पांढरी पाचच दिसणार. तू लिहिलंस माझी पट्टी गेली, त्यांनी वाचलं माझा सूर गेला. आमच्या दुकानात आला असतास तर मी तुला जखमेला बांधायची पट्टी दिली असती.

मी बाबांना बैलाची गोष्ट वाचून दाखवली. आधी म्हणाले हे कलारनेटवाले शब्दांची वाट लावतात. मग चहा न पिताच उठले, वाडीत जाऊन आले, आणि आईला म्हणाले की राघोला मी फार लागेल असं लिहिलं. तुला लिहायला त्यांना लाज वाटते, म्हणून मी लिहिते. शहापूरच्या बँडची सुपारी मात्र आता परत घेता येत नाही. त्या पोरांनी त्या दिवशीचं दुसरं काम सोडलंय. पण तू वाजवणारच, असं बाबांनी सगळ्या आळीला सांगून ठेवलंय.

रविवारी मी आणि माझी मैत्रीण रेश्मा दादरला साड्या बघायला गेलो, तेव्हा एका वाद्यांच्या दुकानात पण शिरलो. तिथं याला लिगेचर म्हणतात. दुकानदारानं दोन प्रकार दाखवले. एक तुझ्यासारखं, धातूचं, दोन स्क्रूचं. दुसरं कातड्याचं, त्याला एकच स्क्रू. मी म्हटलं मला कसं कळणार, तर बिचाऱ्यानं तीच धून दोन्हींवर वाजवून दाखवली. धातूची लावल्यावर आवाज असा खणखणीत की रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली. कातड्याची लावली तर तोच सूर मऊ आला, जवळ बसून कोणी बोलतंय असा. रेश्मा म्हणाली धातूचीच घे, लग्न आहे, भजन नाही. मला कातड्याची आवडली. पण वाजवणारा तू. कोणती आणू ते कळव, आणि माप पाठव, नाहीतर परत शेंबीच व्हायची.

मामीला लुगडं मी आणते म्हणावं. रुसवा सोडून माझ्यावर पहिल्यासारखा जीव लाव.

तुझी भाची,
अनिता


मुरबाड, ता. १९ फेब्रुवारी १९९६

चि. कु. अनितास मामाचे अनेक आशीर्वाद.

माप पाठवलंय. पत्ती लावून तोंडीला कागद गुंडाळला आणि कापला. म्हणजे ही पण पट्टीच! बापाला दाखव, बोल ही काळी चार.

तुझं पत्र आल्यापासनं घरात तोच विषय. पार्टीतले समदे बोलतात धातूची. त्यांचं खोटं नाय. वरातीत फटाके, जनरेटर, नाचणारी पोरं, मागं ढोल. तिथं कातड्याची लावून फुंकलं तर माझं मलाच ऐकू यायचं नाय. आयुष्यभर मी धातूचीच लावली, कारण मी रस्त्यावर वाजवणारा माणूस. मांडवाच्या आत काय चालतं ते मी कधी बघितलंच नाय. बाहेर उभं राहायचं, आतनं टाळ्या आल्या की सुरू करायचं.

पण मग रात्री डोक्यात आलं, यावेळी मी बाहेर नाय. मामा आहे, नवरीच्या पाठीशी उभा. वरात शहापूरच्या पोरांची, त्यांना वाजवू दे, त्यांचा दम चांगला आहे असं तुझे बाप बोलतातच. मी एकदाच वाजवीन. शेवटची अक्षता पडली की तुझ्या पाठीमागनं, फक्त तुला ऐकू येईल एवढंच. त्याला कातड्याचीच पाहिजे. आण ती.

तुझ्या बापाला सांग, राग गेला. त्यांनी समोर येऊन माफी मागितली तर मी अजून थोडा धरीन. सगळी मजेत राहा, आणि मामाची वाट बघा.

तुझा,
राघोमामा


भिवंडी, ता. २० मे १९९६

ती. राघोमामास सौ. अनिताचा शि. सा. न. वि. वि.

मामा, इथं सगळं छान आहे. हे चांगले आहेत, सासूबाई बोलक्या आहेत, पाण्याला बोअरिंग आहे. पण एक गोष्ट मला झोपू देत नाही, म्हणून लिहिते.

मंगलाष्टकं संपली, आंतरपाट दूर झाला, टाळ्या झाल्या. मी हार हातात घेऊन थांबले होते. सगळे म्हणत होते घाल, घाल. मी तुझ्यासाठी थांबले होते. मागं वळून बघता येत नव्हतं. तू वाजवलंच नाहीस. मग शहापूरच्या बँडनं सुरू केलं आणि मी हार घातला.

बाबा आता येईल त्याला सांगतात, पोरीनं पट्टी चुकीची निवडली, कातडं मांडवातल्या घामानं सुजलं, ऐन वेळी सूर धरेना. दीपेशच्या काकांना पण सांगितलं. मामा, खरं सांग. तू धातूची घेतली असतीस तर वाजली असती का? माझ्यामुळे तुझा अहेर राहून गेला असेल तर मला फार वाईट वाटतंय. राग आला असेल तर रागाचं लिही, पण लिही. तुझी माया मला इथंही पुरवत राहा.

तुझी,
अनिता


मुरबाड, ता. २७ मे १९९६

चि. सौ. अनितास मामाचे अनेक आशीर्वाद.

वेडे, पट्टीला काय धाड भरलीय? कातड्याची एक नंबर आहे. रोज संध्याकाळी वाजवतो, आणि धोंडूबाई पण आता दार लावून घेत नाय. बाप बोलतो ते बोलू दे, मी काय त्याला खोटं पाडत नाय. माझ्यापेक्षा कातडं बदनाम झालेलं बरं.

तुला सांगतो, पण तुझ्यापाशीच ठेव. कलारनेट काखेत तयार होतं. पत्ती ओली केलेली, पट्टी आवळलेली. मंगलाष्टकं सुरू झाली आणि तू थरथरायला लागलीस. शालूत कोणाला दिसलं नाय, पण मी पाठीशी होतो, मला दिसलं. म्हणून तुझ्या खांद्यावर हात ठेवला. तशी तुझी थरथर थांबली. मग अक्षता पडल्या, टाळ्या झाल्या, तुझा बाप डोळ्यांनी मला खुणा करायला लागला, वाजव वाजव.

कलारनेटला दोन्ही हात लागतात गो. एक तुझ्या खांद्यावर होता. तो मला काढवला नाय.

जावईबापूंना नमस्कार सांग. सुखात राहा, आणि या मामाचा लोभ तुला कधी कमी पडायचा नाय असं समज.

तुझा,
राघोमामा