भाऊजींच्या गाडीचं वायरिंग

४ फेब्रुवारी

जिभेला काही हाड! जेवताना सगळ्यांसमोर म्हणून बसले— भाऊजींच्या जुन्या गाडीचं वायरिंग मी करते, बाहेरचा माणूस कशाला? सव्वीस वर्षं तंत्रनिकेतनात हेच तर शिकवलं!

थोरले दीर नुसते हसले. "बघ हं. माझे डोळे आता किती दिवसांचे सोबती, ते डॉक्टरांनाच ठाऊक. पण कान शाबूत आहेत. एकदा तिचा आवाज ऐकव."

नवी नवरी होते तेव्हा याच गाडीवर त्यांनी मला चालवायला शिकवलं. मी फाटकाचा खांब पाडला तर त्यांनी सासूबाईंना सांगितलं— मीच पाडला. त्यांच्यासाठी एवढं करायलाच हवं.

६ फेब्रुवारी

इंजिन फिटरने उघडून, साफ करून बसवून दिलंय. रंगारी रंग देऊन गेला. उरल्यात वायरी. एका खोक्यात कोंबलेल्या, कापडी वेष्टणाच्या, हात लावला की भुगा. रंग ओळखू येत नाहीत, सगळ्या एकजात मातकट. नव्या आणल्या. प्रत्येकीला चिकटपट्टीचं लेबल— स्टार्टर, कॉइल, डायनामो.

एक कबूल करते, फक्त इथे. सव्वीस वर्षांत एकाही अख्ख्या गाडीचं वायरिंग मी स्वतःच्या हाताने केलेलं नाही. फळ्यावर केलं. फळ्यावर ठिणगी उडत नाही.

७ फेब्रुवारी

गुडघे गेले कामातून. चार वायरी झाल्या.

१० फेब्रुवारी

प्लगच्या वायरी क्रमाने लागल्या. एक, तीन, चार, दोन. त्याआधी दोनदा चुकल्या. हे चहा घेऊन आले. "काय डॉक्टर, पेशंट वाचतोय का?"

वाचतोय म्हटलं.

१२ फेब्रुवारी

बॅटरी जोडली. मायनस बॉडीला, प्लस स्टार्टरला— झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. भाऊजी खुर्ची टाकून बसलेले. किल्ली फिरवली. इंजिन गरगरलं, लागलं, अर्धा मिनिट खोकत चाललं. चार्जिंगचा काटा भलतीकडेच पळाला. मग कोपऱ्यातल्या छोट्या डब्यातून धूर! डायनामोची वीज सांभाळतो तो डबा. घाईघाईने बंद केलं.

"वास कसला गं?"

"जुनी धूळ जळतेय, भाऊजी."

डोळ्यांनी धड दिसत नाही त्या माणसाशी खोटं बोलले.

१३ फेब्रुवारी

बॅटरीजवळचा पत्रा घासून पुसला तर अक्षरं वर आली. प्लस बाजू बॉडीला! त्या काळच्या गाडीत सगळं उलटं.

आणि मला प्रश्नावली आठवली. तेरा वर्षं झाली. वर्गात ती एकटीच मुलगी. सतत काहीतरी विचारायची म्हणून मुलांनी ठेवलेलं नाव. प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत मी विचारलं, बॅटरीची कुठली बाजू बॉडीला? तर म्हणे, "बाई, गाडी कुठल्या काळची? खूप जुन्यांत प्लस असते." बाहेरून आलेले परीक्षक शेजारी बसलेले. मी म्हटलं, "मग पेट्रोल काय सायलेन्सरमधून भरायचं?" हशा पिकला. तिला नापास केलं. ती पुन्हा आली नाही.

मला ठाऊक नव्हतं. खरंच ठाऊक नव्हतं. माहीत नसणं हा काही गुन्हा नाही.

१५ फेब्रुवारी

फिटरला विचारलं, इतक्या जुन्या गाडीचं वायरिंग कोण करतं?

"एकच हात आहे, मॅडम. पुलापलीकडे. बाईमाणूस आहे, पण भल्याभल्यांना पाणी पाजते."

नाव ऐकलं. तीच, प्रश्नावली.

१६ फेब्रुवारी

गेले नाही. डोकं दुखतंय म्हणून ह्यांना सांगितलं.

१७ फेब्रुवारी

गेले. गाडीखालून नुसते पाय दिसत होते. बाहेर सरकली, मला पाहिलं, क्षणात ओळखलं. "बाई! बसा ना." फडक्याने स्टूल पुसून दिलं. हात कोपरापर्यंत काळे. चेहरा अजून तसाच, आता काहीतरी विचारेल असा.

काय झालं ते सांगितलं. म्हटलं, "तेव्हा तूच बरोबर होतीस. मला माहीत नव्हतं गं."

"जाऊ द्या हो, बाई. नसतं माहीत माणसाला. मलाही रोज नवीन काहीतरी कळतंच की."

परवा येते म्हणाली. इतकं सोपं! हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

१९ फेब्रुवारी

आली. बॅटरी फिरवली. कॉइलच्या दोन वायरींची अदलाबदल केली. जळका डबा काढून दुसरा बसवला. मग एक तार डायनामोला क्षणभर टेकवली. "याला विजेची दिशा पुन्हा शिकवावी लागते." माझं बाकीचं काम तपासलं. "लेबलं छान लावलीत, बाई." मान वर करवेना.

गाडी लागली! एकसारखी, गुरगुरत. भाऊजींनी बॉनेटवर तळवा टेकवला तो काढेचनात. ओठ हलत होते, आवाज ऐकू येत नव्हता. हे कुंपणावरून शेजाऱ्यांना ओरडून सांगत होते, "सगळं आमच्या हिने केलं बरं का!" ती तिथेच उभी, हात पुसत.

मी त्यांना थांबवलं नाही.

भाऊजींनी विचारलं, "कोण आलंय गं?"

"मदतीला आलीय एक," मी म्हटलं.

तिने पिशवी भरली. नमस्कार करून गेली. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२० फेब्रुवारी

घरात खरं सांगितलं. हे म्हणाले, "मग आता शेजाऱ्यांना काय सांगू?"

"खरं सांगा," म्हटलं. अजून सांगितलेलं नाही.

२२ फेब्रुवारी

तेरा तारखेला इथे खोटं लिहिलं. परीक्षेच्या दिवशीच संध्याकाळी मी ग्रंथालयात जाऊन पुस्तक काढलं होतं. खूप जुन्या गाड्यांत प्लस बॉडीला, असं स्पष्ट छापलेलं होतं; पुस्तक मिटलं आणि विसरून गेले. गुणपत्रक पुढे तीन दिवस माझ्याच खणात पडून होतं.

आज जाऊन तिला सांगितलं. ती वायर सोलत होती. शेवटपर्यंत सोलली. मग म्हणाली, "हे आधी सांगायचं होतंत, बाई."

"गाडीचं काम व्हायच्या आधी?"

"हो. मी आलेच नसते."