तिसऱ्यांदा म्हणायचं वाक्य

९ मार्च

वही आणून आठवडा होत आला. रोज उद्यावर ढकललं. आळस हे एक कारण. दुसरं असं, की लिहिलं की संशय पक्का होतो. आणि माझा संशय मामीवर आहे.

झालं! लिहून टाकलं एकदाचं.

मामाकडे आठ दिवसांसाठी आले होते. मशरूमच्या शेडमधली नोकरी सुटली होती (मी सोडली की त्यांनी काढलं, हा वाद आहे. वास मात्र अजून स्वेटरला आहे). मामाला भरवायला माणूस हवं होतं, म्हणून राहिले. त्याला स्नायूंचा आजार. आधी बोटं गेली, मग हात, मग पाय. आता जीभ चाललीय. डोकं मात्र लख्ख! एकोणतीस वर्षं लोकांना गाडी शिकवली त्याने. मलाही शिकवायला घेतलं होतं. मी रस्ता सोडून दुकानांच्या पाट्या वाचते म्हणून हात टेकले. 'भिंगरी' हे नाव त्यानेच ठेवलेलं.

एक तारखेला मामाने डॉक्टरांकडे मरण मागितलं.

१० मार्च

काल पुढे लिहवेना.

इथला कायदा असा. बरा न होणारा आजार असेल तर डॉक्टरांच्या हातून मरण मागता येतं. पण तीनदा मागायचं. दर दोन वेळांमध्ये पंधरा दिवस. खोलीत फक्त डॉक्टर आणि आजारी माणूस. लिहून दिलेलं चालत नाही, मान हलवलेली चालत नाही. स्वतःच्या तोंडाने, पूर्ण वाक्य. डॉक्टरांना कळलं पाहिजे. तिन्ही वेळा जमलं की परवानगी मिळते; वापरायची की नाही, ते आजारी माणसाने नंतर ठरवायचं. एकदा झालं. पुढच्या तारखा सोळा आणि एकतीस.

अर्जावर मामीचं अक्षर आहे. मामाला लिहिता येत नाही, मान्य. पण किती सुवाच्य! एकही खाडाखोड नाही. असला अर्ज लिहिताना हात कापू नये?

१३ मार्च

मामाची जाकिटं मामीने मोठ्या पिशवीत भरून दाराशी ठेवलीत. जिवंत माणसाची!

१६ मार्च

डॉक्टर आले. हेही मामाचेच शिष्य. चढावर गाडी हमखास बंद पाडायचे म्हणे. मामाला अजून "सर" म्हणतात. ज्याला सर म्हणतो त्याला मारायचं कसं? विचारणार होते, पण त्यांच्या बुटाची नाडी गाठ मारून जोडलेली दिसली आणि तेवढ्यात दार बंद झालं.

मामी स्वयंपाकघरात मटार सोलत होती. सालं पातेल्यात टाकत होती, दाणे कचऱ्यात. मी बघत राहिले. मनात खोट असली की असं होतं.

वीस मिनिटांनी डॉक्टर बाहेर आले. "कळलं मला. पण कष्ट पडले त्यांना." मामीने लगेच विचारलं, "एकतीसला जमेल ना?"

जमेल ना! जसं लग्नाला येणं जमेल का!

२२ मार्च

आता मात्र कानांनी ऐकलं.

नदीवर बोट रंगवतायत ते बघायला गेले होते. रंग संपला म्हणून ते उठले, मीही लवकर परतले. मामाच्या खोलीचं दार लोटलेलं. आतून मामी:

"पुन्हा. 'मरण' नीट आलं नाही. म-र-ण."

मामाचा आवाज. घोगरा, ओढत.

"अहो, असं म्हणालात तर त्यांना कळायचं नाही. आता सगळं एका दमात. मला... हं... शाबास!"

शाबास!! पोराकडून पाढे घोकून घ्यावेत तसं नवऱ्याकडून मरण घोकून घेतेय.

२३ मार्च

अर्जाच्या मागे चौकशी समितीचा पत्ता आहे: कुणाचा दबाव वाटल्यास कळवा. कळवलं. खाली नाव घातलं, नातं घातलं. लिहिलं की मामाचं बोलणं इतरांना कळत नाही, मला सगळं कळतं. आणि मरायचं त्याच्या मनात नाही.

हे शेवटचं मामा कधी बोललेला नाही. पत्र पेटीत पडल्यावर लक्षात आलं. हात घालून बघितला. निघत नाही.

२७ मार्च

समितीचा फोन आला. चौकशी होईपर्यंत तिसरी वेळ रद्द. मामीने फोन ठेवला. तिला राग आला नाही. हेच खटकलं मला.

२८ मार्च

मामाने विचारलं, "कोण?" घरात माणसं तीन. मी म्हटलं, "मी."

त्याला एकेका वाक्याला पाच पाच मिनिटं लागली. इथे सलग लिहितेय.

"घोकून घ्यायला मीच सांगितलं तिला. जीभ रोज एक अक्षर खाते, भिंगरे. एकतीसला जमलं असतं. पुढच्या महिन्यात नाही जमणार."

"तू मामीच्या धाकाने म्हणत नाहीयेस ना?"

"तिचा धाक लग्नापासून आहे. मरण्याइतका नाही."

हसला. ठसका लागला, मी पाठ चोळली. मग चिडले. "हसतोस अजून! हसणारा माणूस मरण कसा मागतो? असं प्रत्येकाला देत सुटले, तर उद्या नुसती अडचण वाटणारी म्हातारी माणसंसुद्धा लाजेने मागतील!"

"मागतील. खरंय. म्हणून तर तीनदा विचारतात. तू सात नोकऱ्या सोडल्यास. तुला कुणी एकदा तरी विचारलं?"

मग गाडीचं बोलला. शिकवायच्या गाडीत त्याच्या पायाखाली वेगळा ब्रेक असायचा. फार वेळा लागला नाही. "पण होता, म्हणून शेजारी निवांत बसायचो. आताही तेवढाच मागतोय. दाबीनच असं नाही."

म्हणजे नक्की मरायचंय की नाही? विचारलं. त्याने डोळे मिटून घेतले. दमला होता, की टाळलं? आता मी मामावरही संशय घ्यायला लागले!

३१ मार्च

आजची तारीख होती. मामाला सकाळी "पाणी" नीट म्हणता आलं नाही. मला कळलं. मामीला दुसऱ्यांदा विचारावं लागलं.

२ एप्रिल

जाकिटं परत आली. शिंप्याने बाह्या उसवून बंद लावून दिलेत. मामाचा हात वाकत नाही ना. मला मेलीला हे सुचू नये?

मामी बंद बांधता बांधता म्हणाली, "पत्र तू टाकलंस. बरं केलंस."

मी दुसऱ्या बाहीचा बंद हातात घेतला.

"मीही लिहिलं होतं. दोनदा. दोन्ही फाडली."

"मग घोकून का घेत होतीस?"

"मग कुणाला सांगणार होते ते? तुला? तू बोटी बघायला गेलेली." नाक ओढलं. "रोज वाटायचं, आज शब्द अडू दे. आणि आला की शाबास माझ्याच तोंडून निघायचं. काय करू गं? चांगला म्हणायचे ते."

मामा ऐकत होता. तिच्याकडे बघून काहीतरी बोलला. तिला कळलं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, "बंद घट्ट झालाय म्हणतो."

तो तसं म्हणाला नव्हता. "शाबास" म्हणाला होता. मी का बदललं, माहीत नाही.

५ एप्रिल

आज दिवसभर एकच शब्द. तोही अर्धा.

६ एप्रिल

पाणी आणते म्हणून आत आलेय, घाईत लिहितेय. समितीच्या बाई आल्यात! न कळवता. मामी बाजारात गेलेली असताना, मुद्दाम. म्हणाल्या, "यांचं बोलणं तुम्हाला कळतं असं तुमच्याच पत्रात आहे. बसा जवळ. ते बोलतील तेच सांगायचं, आपल्या पदरचं काही नाही." मग मामाला विचारलं, "तुम्हाला स्वतःला मरण हवंय का?" तो बोलला. त्यांना काही कळलं नाही. पेन उघडून बसल्यात.

मला सगळं कळलं.