सेलमधली सहा पार्सलं

पुणे, शुक्रवार

ती. आईस काजलचा नमस्कार.

१. दिवाळीचा सेल लागल्यापासून आपल्या जीवनने आठ दिवसांत सहा पार्सलं मागवली.
२. खातं माझं आहे, म्हणून ओटीपी माझ्या फोनवर येतो. दर वेळी त्याने तो विचारायला मला फोन केला.
३. सहाही पार्सलं त्याने न उघडता परत पाठवली.
४. सोमवारपासून त्याने काहीच मागवलेलं नाही. माझा फोनही उचलत नाही.

"ताई, ओटीपी आला काय? अन् तू जेवली काय?" असं तो विचारायचा. "कामात हाये बे, लिहून घे," म्हणत मी आकडे सांगून फोन ठेवायचे. मला वाटलं, स्वस्तातल्या वस्तूंचा नाद लागला. आज परतीची यादी पाहिली तेव्हा कळलं, त्याला वस्तू नकोच होत्या.

त्याचे मित्र नोकरीला बाहेरगावी गेल्यापासून तो आपल्या धाड गावच्या बाजारात तरी जातो का? जेवायला तुमच्यासोबत बसतो का? त्याला रागावू नकोस. मी ठीक आहे, डबा वेळेवर येतो.

बाबांच्या फोनवर बोलले असते, पण तो शेजारीच असतो, म्हणून पत्र लिहिलं. तो कसा आहे ते खरं लिही. वसुबारसेच्या आत तुझं उत्तर मला मिळू दे.

तुझी,
काजल